मालकाने लीगच्या शिक्षेविरुद्ध लढावं का? आधी शिक्षा कोणती आहे ते बघा

प्रश्न: खर्चाची मर्यादा ओलांडल्याबद्दल लीगने आमच्या संघाचे गुण कापले आणि वर दंडही ठोठावला. मालकांनी 'निर्णय मान्य आहे, अपील करणार नाही' असं जाहीर केलं. तेव्हापासून आम्हा चाहत्यांत उभी फूट पडली आहे. काही म्हणतात मालकांनी शेपूट घातली, कोर्टात खेचायला हवं होतं. काही म्हणतात लीगशी भांडून कोणाचं भलं झालंय? नेमकं काय करायला हवं होतं?

उत्तर: लीगचं पत्र हातात पडतं त्या दिवशी मालकही हाच प्रश्न विचारतो आणि तुमच्याइतकाच संतापलेला असतो. क्रीडाक्षेत्रातल्या लवादाची कामं मी बरीच वर्षं करतो आहे, कधी क्लबच्या बाजूने, कधी लीगच्या. माझं मत आधीच सांगून टाकतो. 'आम्ही काही केलंच नाही' या मुद्द्यावर लढणारा मालक बहुतेक वेळा हरतो. 'ही शिक्षा देण्याचा अधिकार तुम्हाला कुठल्या कलमाने मिळाला, आणि ती एवढी मोठी का' असं विचारणारा मालक बऱ्याचदा काहीतरी पदरात पाडून घेतो. तुमच्या दोन्ही गटांचा वाद पहिल्या मुद्द्यावर चालला आहे. खरी जागा दुसऱ्या मुद्द्यात आहे.

मालकाची बाजू मुळातच कमकुवत का असते, हे आधी समजून घ्या. लीग ही बाहेरून लादलेली सत्ता नसते. मालक स्वतः तिचा सभासद असतो, तिच्या घटनेवर त्याने सही केलेली असते आणि शेजारच्या संघाला शिक्षा झाली तेव्हा त्याने मान डोलावलेली असते. अमेरिकन बेसबॉलमध्ये १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधलं फिक्सिंग उघड झालं, तेव्हा लोकांचा विश्वास परत मिळवण्यासाठी मालकांनीच न्यायाधीश लँडिस यांना कमिशनर, म्हणजे खेळाचे सर्वोच्च प्रशासक, म्हणून बसवलं. 'खेळाच्या हितासाठी' जे योग्य वाटेल ते करण्याचा अधिकार त्यांना दिला आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाणार नाही असंही लिहून दिलं.

पुढे १९७६ मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी आपले तीन मोठे खेळाडू विकायला काढले. जो रूडी आणि रॉली फिंगर्स प्रत्येकी १० लाख डॉलरला बोस्टनला, व्हायडा ब्लू १५ लाखांना न्यूयॉर्क यांकीजला. कमिशनर बोवी कून यांनी तिन्ही व्यवहार रद्द केले. तसं बघितलं तर फिन्लींनी एकही नियम मोडलेला नव्हता. तरीही ते हरले, खालच्या कोर्टात आणि १९७८ मध्ये अपिलातही. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की हा अधिकार तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलेला आहे, तो शहाणपणाने वापरला की नाही हे आम्ही ठरवणार नाही.

फिन्लींचं उदाहरण देऊन 'लढून उपयोग नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना लगेच टेड टर्नर यांचं प्रकरण सांगतो. तेच कमिशनर, तोच काळ, तोच करार, आणि निकाल मात्र वेगळा.

टर्नर हे अटलांटा ब्रेव्ह्जचे मालक. १९७६ च्या ऑक्टोबरात एका पार्टीत, पत्रकारांच्या देखत, सॅन फ्रान्सिस्कोच्या मालकाला ते म्हणाले की तुमचा गॅरी मॅथ्यूज मिळवण्यासाठी मी वाटेल ते करीन. मॅथ्यूजचा करार तेव्हा अजून संपायचा होता, आणि दुसऱ्याच्या करारातल्या खेळाडूला असं खुणावणं हा सरळ नियमभंग. कून यांनी टर्नर यांना वर्षभरासाठी निलंबित केलं आणि अटलांटाची ड्राफ्टमधली, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतली, पहिल्या फेरीची निवडही काढून घेतली. टर्नर कोर्टात गेले. 'मी तसं बोललोच नाही' किंवा 'गंमतीत बोललो' यावर न्यायाधीश फारसे रेंगाळले नाहीत, निलंबन कायम राहिलं. मग न्यायाधीशांनी कराराचं शिक्षांचं कलम उघडलं. कमिशनर कोणकोणत्या शिक्षा देऊ शकतो याची तिथे यादी होती, आणि ड्राफ्टची निवड काढून घेणं त्या यादीत नव्हतं. १९७७ मध्ये शिक्षेचा तेवढा भाग रद्द झाला.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. दोषी ठरलेल्या, स्वतःच्या तोंडाने पुरावा दिलेल्या मालकाने संघासाठी जे महत्त्वाचं होतं ते परत मिळवलं. मालक वर्षभर कार्यालयात आला नाही म्हणून संघ हरत नाही. ड्राफ्टची निवड गेली तर पुढची पाच वर्षं जाणवतं. आणि हे शक्य झालं ते कोणीतरी शांतपणे नियमावली वाचली म्हणून.

आता २०१५ चं 'डिफ्लेटगेट', कारण 'मालकाने शेपूट घातली' हे वाक्य तिथल्या चाहत्यांनी जितक्या वेळा म्हटलं तितकं क्वचितच कुठे म्हटलं गेलं असेल. न्यू इंग्लंड पेट्रियट्सवर आरोप होता की इंडियानापोलिसविरुद्धच्या सामन्यात चेंडूंमधली हवा मुद्दाम कमी केली. एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगने, संघाला १० लाख डॉलर दंड केला, २०१६ ची पहिल्या फेरीची आणि २०१७ ची चौथ्या फेरीची निवड काढून घेतली आणि क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू, टॉम ब्रेडी याला चार सामन्यांसाठी निलंबित केलं. मालक रॉबर्ट क्राफ्ट आधी खूप गरजले आणि मग मे महिन्यात मालकांच्या बैठकीत त्यांनी नाराजीनेच शिक्षा मान्य केली. ब्रेडी मात्र लढला. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश बर्मन यांनी त्याचं निलंबन रद्द केलं, तेव्हा चाहत्यांनी क्राफ्टना आणखी झोडपलं: खेळाडू जिंकतो, मग मालक का नाही?

या तुलनेत मोठी गफलत आहे. ब्रेडी ज्या दारातून कोर्टात गेला ते दार क्राफ्टना उघडंच नव्हतं. ब्रेडी हा कामगार, त्याच्यामागे संघटना, संघटनेचा लीगशी सामूहिक करार, आणि त्या करारामागे अमेरिकेचा कामगार कायदा. क्राफ्ट मात्र एनएफएलच्या घटनेने बांधलेले, आणि त्या घटनेत वाद मिटवण्याचा पूर्ण आणि अंतिम अधिकार कमिशनरला दिलेला. २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या 'बाउंटी' प्रकरणातही (प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करण्यासाठी खेळाडूंना बक्षिसं दिल्याचा आरोप) हेच दिसलं. खेळाडूंची निलंबनं त्यांच्या संघटनेने लढवली आणि माजी कमिशनर पॉल टॅग्लियाब्यू यांनी डिसेंबरमध्ये ती रद्द केली. क्लबचा ५ लाख डॉलरचा दंड, गेलेल्या दोन निवडी आणि प्रशिक्षक शॉन पेटन यांचं पूर्ण हंगामाचं निलंबन मात्र तसंच राहिलं. खेळाडूची लढाई आणि मालकाची लढाई यांची गल्लत करू नका, एवढं तरी दोन्ही गटांनी मान्य करायला हरकत नसावी. शिवाय ब्रेडीचा विजयही टिकला नाही. एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी निलंबन परत लागू केलं, आणि शेवटी तो चार सामने बाहेर बसला.

तरीही क्राफ्ट यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती चाहत्यांच्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. त्यांनी माघार घेतली याचं मला काही वाटत नाही. माघारीच्या बदल्यात लेखी काही घेतलं नाही, याचं वाटतं. आपण नमतं घेतलं तर लीग ब्रेडीबाबत नरमेल अशी त्यांची अपेक्षा होती. जुलैच्या अखेरीस लीगने त्याचं निलंबन कायम केलं तेव्हा लीगवर विश्वास ठेवला ही चूक झाली, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. कोणताही वकील आपल्या अशिलाला सांगेल की तडजोड करायची तर तिचा कागद करा. मोघम सद्भावनेवर संघाच्या दोन निवडी सोडायच्या नसतात.

मान्य करण्याचा मोबदला कसा मिळवतात हे बघायचं असेल तर इंग्लिश प्रीमियर लीगची २०२३–२४ ची दोन प्रकरणं शेजारी ठेवा. तुमच्या संघाच्या प्रकरणाशी त्यांचं साधर्म्यही सगळ्यांत जास्त आहे.

एव्हर्टनने तोट्याची मर्यादा ओलांडली होती. तीन वर्षांत १०.५ कोटी पाउंड तोट्याची मुभा होती, त्यांचा तोटा निघाला १२.४५ कोटी. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र आयोगाने १० गुण कापले. एव्हर्टनने नियमभंग झालाच नाही असा दावा केला नाही. त्यांच्या वकिलांनी शिक्षेच्या मापावर बोट ठेवलं: क्लबने प्रामाणिकपणा पाळला नाही हा आयोगाचा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तुलनेसाठी उपलब्ध असलेले मापदंड, म्हणजे खालच्या विभागांतल्या लीगची मार्गदर्शक तत्त्वं वगैरे, आयोगाने बघितलेच नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील मंडळाने हे दोन्ही मुद्दे मानले आणि १० चे ६ गुण झाले. घसरणीच्या उंबरठ्यावरच्या क्लबला चार गुण म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

नॉटिंगहॅम फॉरेस्टने दुसरा मार्ग धरला. त्यांनी सुरुवातीलाच चूक कबूल केली आणि चौकशीत सहकार्य केलं. आयोगाने सहा गुणांपासून हिशेब सुरू केला आणि कबुली व सहकार्य यांसाठी दोन कमी केले, राहिले चार. पुढे तेही कमी व्हावेत म्हणून त्यांनी अपील केलं, पण ते फेटाळलं गेलं. मला यात नवल वाटत नाही. मापातली सूट आधीच मिळाली होती आणि आयोगाच्या तर्कात मोठी चूक दाखवता आली नाही. दोघांनीही नियमभंग कबूल केला होता, दोघांनीही अपील केलं. एकाला आदेशात ठोस चूक सापडली, दुसऱ्याला नाही. मालकाच्या धैर्याचा या फरकाशी काही संबंध नव्हता.

मँचेस्टर सिटीचं नाव इथे कोणीतरी काढणारच. फेब्रुवारी २०२० मध्ये युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेने, त्यांच्यावर युरोपियन स्पर्धांतून दोन हंगामांची बंदी आणि ३ कोटी युरोचा दंड लावला, आणि जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाने बंदी उठवली. ते सरसकट निर्दोष ठरले असा समज पसरला आहे. निकालात काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही पाच वर्षांच्या मुदतीबाहेर गेलेले होते, तर चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल १ कोटी युरोचा दंड राहिलाच. म्हणजे तथ्यांवरही लढून जिंकता येतं, पण तिथेसुद्धा मुदतीचं कलम आणि पुराव्याचा भार कोणावर, या दोन तांत्रिक गोष्टींनी मोठं काम केलं. चाहत्यांना तांत्रिक मुद्द्यावर सुटणं कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. मुदत ही नियमावलीचाच भाग आहे, आणि लीग आपल्याला नियमावलीच्याच आधारे शिक्षा करत असते.

आता आयपीएल. इथे वेळेचा प्रश्न सगळ्यांत कठोरपणे दिसतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये बीसीसीआयने राजस्थान रॉयल्स आणि किंग्ज इलेव्हन पंजाब या दोन्ही फ्रँचायझींचे करार रद्द केले. मुद्दा भागधारणेतल्या बदलांचा होता. दोघींनी तातडीने दाद मागितली. प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयात आणि लवादाकडे गेली, अंतरिम स्थगिती मिळाली आणि २०११ चा हंगाम दोन्ही संघ खेळले. 'अंतरिम' हा शब्द चाहत्यांना किरकोळ वाटतो. आमच्या कामात तोच निम्मा निकाल असतो. हंगाम, लिलाव, प्रायोजक, खेळाडूंचे करार हे सगळं पुढे सरकत असतं. आज स्थगिती मिळाली नाही तर अंतिम निकाल तुमच्या बाजूने लागूनही मैदानावर उतरायला संघ उरत नाही.

याची दुसरी बाजू कोची आणि डेक्कन चार्जर्सच्या वाट्याला आली. बँक हमी दिली नाही म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये कोची टस्कर्सचा करार रद्द झाला. संघ एकच हंगाम खेळला. लवादाने २०१५ मध्ये निवाडा फ्रँचायझीच्या बाजूने दिला, एकूण रक्कम सुमारे ५३८ कोटी रुपये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो जून २०२५ मध्ये कायम केला. मालक जिंकले. कोचीच्या चाहत्याला काय मिळालं? डेक्कन चार्जर्सने २००९ मध्ये विजेतेपद जिंकलं होतं. २०१२ मध्ये त्यांचा करार रद्द झाला. न्यायालयाने १०० कोटींची बँक हमी देण्याची संधी दिली होती, ती त्यांना देता आली नाही. हैदराबादची जागा लगेच विकली गेली आणि सनरायझर्स आले. २०२० मध्ये लवादाने ४,८०० कोटींहून जास्त रकमेचा निवाडा दिला, तोही उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द ठरवला. नऊ वर्षं गेली आणि संघही गेला.

म्हणून मी शिक्षेकडे बघताना पहिला प्रश्न हा विचारतो की ती परत फिरवता येण्यासारखी आहे का. पैशाचा दंड परत मिळू शकतो, व्याजासकट. गुण हंगाम संपेपर्यंत परत मिळू शकतात, नंतर नाही. ड्राफ्टची निवड ड्राफ्टच्या दिवसापर्यंतच. करार रद्द होणं हे सगळ्यांत घातक, आणि त्याविरुद्ध पहिल्या आठवड्यात उभं राहावंच लागतं, मालक कितीही दोषी असो. उलट ठरावीक मुदतीचं निलंबन काही वेळा सोसावं. जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान यांना दोन वर्षं बाहेर ठेवलं. शिक्षा कडक होती. पण फ्रँचायझी जिवंत राहिल्या, २०१८ मध्ये परतल्या आणि त्याच वर्षी चेन्नईने विजेतेपदही जिंकलं. इटलीच्या युव्हेंटस या फुटबॉल क्लबनेही २०२३ मध्ये असाच हिशेब केला. गुणकपात आधी १५, मग परत, मग १०, असा सगळा हंगाम हेलकावे खात गेल्यावर युएफाने त्यांना एका वर्षासाठी युरोपच्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेतून बाहेर ठेवलं. ते त्यांनी अपील न करता स्वीकारलं. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. कोणत्या हंगामात खेळता येणार आणि कोणत्या नाही हे निश्चित माहीत असणं, खेळाडू विकत घेणाऱ्या क्लबसाठी फार मोठी गोष्ट असते.

आणखी एक बाजू चाहत्यांना बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे बाकीचे मालक. २०१० च्या हंगामात एनएफएलमध्ये वेतनमर्यादा, म्हणजे संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा, नव्हती, पण 'मर्यादा नाही म्हणून पुढच्या वर्षांचा खर्च या वर्षात ओढून घेऊ नका' असं संघांना तोंडी बजावलं होतं. वॉशिंग्टन आणि डॅलस यांनी ऐकलं नाही. २०१२ मध्ये वॉशिंग्टनची वेतनमर्यादा ३.६ कोटी डॉलरने आणि डॅलसची १ कोटी डॉलरने कापली गेली. दोघे लवादाकडे गेले. लीग आणि खेळाडू संघटना यांनी आपसात करार केलेला होता, त्यामुळे तक्रार उभीच राहिली नाही. आता हे बघा: कापलेली रक्कम २८ संघांत वाटली गेली, प्रत्येकाला सुमारे १६ लाख डॉलर. मालकांच्या मतदानात निर्णयाच्या बाजूने २९ आणि विरुद्ध २. मला त्या दोघांची बाजू बरीचशी पटते, कारण न लिहिलेल्या नियमासाठी शिक्षा होऊ नये. पण ज्यांना तुमच्या शिक्षेतून वाटा मिळतो त्यांच्याकडून तुम्हाला पाठिंबा मिळणार नाही, हे मालकाने लढायच्या आधी मोजायलाच हवं. उद्या प्रक्षेपणाच्या पैशाचं वाटप, स्टेडियमसाठी कर्ज, सामन्यांचं वेळापत्रक, सगळं त्याच टेबलावर ठरायचं असतं.

तर मग तुमच्या मालकांकडे येऊ. तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून 'लढायलाच हवं होतं' असं मी म्हणणार नाही आणि 'बरं केलं' असंही नाही, कारण दंड आणि गुणकपात या दोन वेगळ्या शिक्षा आहेत आणि मालकांनी दोन्ही एकाच वाक्यात मान्य केल्या. तिथे मला खटकतं. दंड भरून गुणकपातीविरुद्ध तेवढं अपील करता येतं. दंड मालकाच्या खिशातून जातो, गुण खेळाडूंनी मैदानावर कमावलेले असतात.

आदेशाचा लेखी मसुदा प्रसिद्ध झाला असेल तर तो मिळवा आणि चार गोष्टी शोधा. गुणकपात ही शिक्षा नियमावलीत नावानिशी दिली आहे का. आकडा कसा काढला याचं कारण लिहिलं आहे का, की 'सर्व बाबी विचारात घेऊन' एवढंच म्हटलं आहे. आधीच्या अशाच प्रकरणांत किती गुण कापले होते, आणि फरक असेल तर तो समजावून सांगितला आहे का. आणि कबुलीबद्दल काही सूट दिली आहे का. माझ्यासमोर आलेल्या आदेशांत दोष सापडले ते बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत. सूट दिलेली दिसली तर मालकांनी आतमध्ये वाटाघाटी करून काहीतरी मिळवलं आहे असं समजा, मग त्यांच्या गप्प राहण्याला अर्थ आहे. सूट नाही, कारण नाही, तुलना नाही आणि तरीही अपील नाही, असं असेल तर तुमच्या पहिल्या गटाचा राग योग्य आहे.

एक सावधगिरी. काही नियमावल्यांत अपील मंडळाला शिक्षा वाढवण्याचीही मुभा असते. तुमच्या लीगमध्ये तशी असेल तर मालकांच्या वकिलांनी ती त्यांना नक्की दाखवली असणार, आणि चार गुण वाचवायला जाऊन आणखी चार घालवण्याची भीती खरी असते. हे कलम तपासल्याशिवाय कोणालाही भित्रा म्हणू नका.

अपिलाची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते. ती अजून संपली नसेल तर चाहत्यांच्या संघटनेच्या नावाने मालकांना लेखी पत्र द्या आणि त्यात एकच मागणी ठेवा: दंड भरा, पण गुणकपातीच्या आकड्यावर अपील करा, नाहीतर का करत नाही ते आदेशातल्या परिच्छेदांचा हवाला देऊन सांगा. हंगामाचे शेवटचे सामने जवळ आले असतील तर अपिलाबरोबरच तातडीच्या सुनावणीचा अर्जही मागा. मुदत संपली असेल तर पत्र द्याच, पण मागणी बदला. पुढच्या लीग बैठकीत शिक्षेचं ठरावीक प्रमाण नियमावलीत लिहून घेण्याचा प्रस्ताव आपल्या मालकांनी मांडावा, असं त्यात लिहा. तिथे त्यांना मत आहे, तुम्हाला नाही.